लडाख : उन्हातलं थंड वाळवंट

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतो. पण भारतातलंच एक वाळवंट असं आहे, जिथे हिवाळ्यात नद्या गोठतात. ते म्हणजे लडाख.

नकाशा उघडा. उत्तरेला काराकोरम, दक्षिणेला झंस्कार आणि त्यापलीकडे हिमालयाची मुख्य रांग. मधल्या दरीतून सिंधू वाहते. तिच्या काठाजवळचं लेह शहर सुमारे 3500 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! 31 ऑक्टोबर 2019 पासून लडाख हा केंद्रशासित प्रदेश आहे.

आता मुख्य प्रश्न : इतका बर्फ दिसतो, मग वाळवंट कसं? वाळवंट ठरतं ते पावसावरून, उष्णतेवरून नाही. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच पाऊस टाकून मोकळे होतात. पलीकडे पोचते ती कोरडी हवा. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटाव कोरडे, तोच हा पर्जन्यछायेचा प्रकार, फक्त भिंत कितीतरी उंच. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत एका दिवसातसुद्धा तेवढा पडून जातो.

हवा विरळ आणि बाष्प कमी, म्हणून दिवसा ऊन थेट भाजतं. रात्री तीच उष्णता अडवायला ढग नसतात, ती भरकन निघून जाते. हिवाळ्यात रात्री पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरतो. तिथे गमतीने म्हणतात, डोकं उन्हात आणि पाय सावलीत ठेवून बसलात तर ऊन लागणं आणि हिमदंश दोन्ही एकदम होईल.

पाऊसच नाही म्हणून घरं मातीच्या विटांची, धाबं सपाट. पण हीच गोष्ट ऑगस्ट 2010 मध्ये जिवावर बेतली. 5 तारखेच्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली. उतारांवर झाडं नाहीत, त्यामुळे सुटी माती आणि दगड चिखल होऊन गावांवर आले. दोनशेहून अधिक माणसं गेली. म्हणून "लेहला पाऊस कमी" एवढंच पाठ करू नका. कमी पावसाची सवय असलेल्या जमिनीवर तो एकदम पडला तर काय होतं, हेही लिहा.

शेती चालते ती हिमनद्यांच्या पाण्यावर. जव, गहू, जर्दाळू. अडचण अशी, की पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मे मध्ये आणि उंचावरच्या हिमनद्या नीट वितळतात जूननंतर. यावर चेवांग नॉर्फेल या अभियंत्यांनी गावाजवळ सावलीत पाणी अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. वरच्या ओढ्याचं पाणी नळाने खाली आणायचं; उंचीच्या दाबाने ते कारंज्यासारखं उडतं, पंप लागत नाही, आणि थंडीत गोठत जातं. आकार शंकूचा का? कारण बर्फ भरपूर साठतो, पण उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो. म्हणून तो सावकाश, नेमका पेरणीच्या वेळी वितळतो. मला विचाराल तर हा भूगोलाइतकाच भूमितीचाही धडा आहे.

वहीत सोडवा : द्रास लेहपेक्षा थोडं कमी उंचीवर आहे, तरी तिथे बर्फ कितीतरी जास्त पडतो. असं का? सूचना : नकाशात झोजी ला खिंड शोधा आणि हिवाळ्यात ओलसर वारे पश्चिमेकडून येतात, हे ध्यानात ठेवा.