दुकानाची जागा

मुलांनो, दुकान, बाजार, नफा, नुकसान, वजन हे मराठी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतात ना? ते उर्दूतही आहेत. मात्र उर्दूत 'दुकान' स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून आपण मराठीत 'ते दुकान चांगले चालते' असे म्हणतो. पण एक दुकान चालते आणि त्याच मालाचे दुसरे बंद पडते. असे का होते?

लातूर शहरातील गंजगोलाई पाहा. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा तयार केला. मधली गोलाकार इमारत १९१७ साली उभी राहिली. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठे सोन्याचे दागिने, कुठे पादत्राणे, कुठे मिरची व गूळ, असे वेगवेगळे बाजार तिथे भरले. दागिने घेणारा माणूस चार दुकाने पाहून भाव करतो. म्हणून अशी दुकाने शेजारीशेजारी असली तरी चालतात. मीठ-साखरेसाठी मात्र कोणी लांब जात नाही. म्हणून किराणा दुकान वस्तीत हवे.

आता रेणापूरकडे वळू. हे तालुक्याचे गाव लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला लोक लातूरला जाऊ शकतात. वही, साबण, चहापत्ती मात्र गावातच घेतात. नारळ व प्रसाद रेणुकादेवीच्या मंदिराजवळ विकला जाईल. चहाला आणि पंक्चरच्या दुकानाला पिंपळफाटा बरा. वह्या-पेन शाळेच्या वाटेवर खपतील. रमजानात खजूर आणि शेवया मशिदीच्या वाटेवर जास्त जातील. जागा आपल्या सोयीची नव्हे, गिऱ्हाइकाच्या वाटेवरची असावी.

जागा घेण्यापूर्वी तिथे सकाळी, शाळा सुटताना आणि संध्याकाळी तास-तासभर उभे राहा. बाजाराच्या दिवशी एकदा आणि इतर दिवशी एकदा जा. किती माणसे जातात ते मोजा. त्यांतली किती थांबतात, तेही लिहा. धावत्या मोटारी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

मग भाड्याचा हिशेब करा. समजा, रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे महिना ३,००० रुपये आहे आणि गल्लीतल्या गाळ्याचे १,२००. फरक १,८०० रुपयांचा. शंभर रुपयांच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील, तर हा फरक भरून काढायला महिन्याला १८,००० रुपयांची, म्हणजे रोज ६०० रुपयांची विक्री जास्त व्हायला हवी. ती होणार असेल तर रस्त्यावरची जागा घ्या. नाहीतर गल्लीच बरी.

अनेक घरांत दुकानाचे भांडवल म्हणजे आईने शिलाई करून साठवलेले पैसे असतात. ते सगळे पाटी आणि फळ्यांवर घालवू नका. तीन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पण दुकान चालो वा न चालो, हप्ता भरावाच लागतो, हे विसरू नका.

जागा चांगली असेल तर गिऱ्हाईक एकदा येईल. दुसऱ्यांदा ते दुकानदाराच्या सचोटीमुळे येते. तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावी लागतात. माप मारणाऱ्यांची पवित्र कुरआनातही कडक निंदा केली आहे. उधारी वहीत लिहा आणि झेपेल तेवढीच द्या. गोड बोला, खरे तोला.

स्वाध्याय

१. किराणा दुकान वस्तीत का हवे?
२. भाड्यातील फरक २,४०० रुपये असेल, तर रोज किती रुपयांची जास्त विक्री व्हायला हवी? (महिना ३० दिवसांचा धरा.)
३. 'दुकान' आणि 'गिऱ्हाईक' हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
४. तुमच्या गावातील एका चौकात तासभर थांबून जाणारी-येणारी माणसे मोजा. तिथे कोणते दुकान चालेल, ते दहा ओळींत लिहा.