नाताळ ते ईस्टर: मंडळीच्या कार्यक्रमांना घरातून किती पैसे जातात?

चर्चच्या दाराशी तिकीट नसतं. भक्तीला बसायला, प्रभुभोजन घ्यायला, 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला एक रुपयाही लागत नाही. दानाची पिशवी समोरून जाताना हात रिकामा असला तरी कोणी हिशेब विचारत नाही. पैसे जातात ते भोवतालच्या गोष्टींवर: प्रवास, जेवणाची वर्गणी, शिबिराची फी, फराळ. रकमा जाहीर होतात त्या बहुधा भक्ती संपताना, घोषणांच्या घाईत. मग हातात पैसे नसलेलं घर न विचारताच मागे राहतं. असं एकही घर मागे राहू नये, म्हणून हा हिशेब.

आधी तारखा. आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबर 2026, नाताळ शुक्रवारी, राखेचा बुधवार 10 फेब्रुवारी 2027, शुभ शुक्रवार 26 मार्च आणि ईस्टर 28 मार्च. ईस्टर या वेळी मार्चअखेर, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो. मुलांच्या नव्या कपड्यांचा आणि शाळेचा खर्च एकावर एक आदळेल, तो आताच मांडून ठेवा.

सगळ्यात आनंदाचा, आणि खिशाला नकळत हात घालणारा कार्यक्रम म्हणजे उपकारस्तुतीचा सण. शेतमाल घरात आला की प्रत्येक मंडळी आपल्या सोयीने तो ठेवते. वेदीपुढे केळीचा घड, भरताची हिरवी वांगी, ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, पाय बांधलेली कोंबडी, कोणा आजीने आणलेली चार अंडी. भक्तीनंतर लिलाव. पन्नास रुपयांपासून बोली लागते. घेणारा तोच घड पुन्हा दान करतो आणि तो दुसऱ्यांदा विकला जातो. त्या अंड्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत येते तेव्हा आजीचा चेहरा बघावा. म्हणूनच सांगते, घरून निघतानाच कमाल रक्कम ठरवा. बोललेली बोली द्यावीच लागते. शक्यतो जागेवर पैसे देऊन पावती घ्या, उधारी वहीत राहिली की सणाची गोडी जाते. आणि बोली परवडत नसेल तर घरची एक जुडी मेथी घेऊन जा. तीही वेदीवरच ठेवली जाते.

दानाची रक्कम प्राप्तिकरात वजा होईल, असं अनेकांना वाटतं. केवळ धार्मिक कामासाठीच्या दानाला ही सवलत सहसा नसते. मंडळीशी जोडलेल्या दवाखान्याच्या किंवा शाळेच्या ट्रस्टला मान्यता असू शकते. तिथेही 2,000 रुपयांवरचं रोख दान वजावटीला चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. दान द्यायचं ते मनापासून, कराचं गणित त्यात धरू नका.

प्रीतिभोजनात आपल्याकडे धुळे-जळगाव भागात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, थंडीत भरीत-पुरी. आचाऱ्याशी बोलताना एकच गोष्ट पक्की करा: तो पानाचा दर सांगतोय की नुसती मजुरी, शिधा आपला? दोन आचाऱ्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे कळलंच पाहिजे. गॅसही विचारा. सामुदायिक स्वयंपाकाला 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं, घरचं 14.2 किलोचं वापरणं नियमात बसत नाही. पानं मोजताना लहान मुलांची वर्गणी अर्धी ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

नानकटाई भट्टीवर भाजून घेणार असाल तर मजुरी किलोवर आहे की पत्र्यावर, ते आधी विचारा, आणि डब्यावर नाव लिहा. कॅरोलवाली मुलं रात्री दारी येतात. त्यांना चहा पुरतो, पाकीट ऐच्छिक आहे.

प्रवासात खरी बचत होते. धुळ्याहून जळगावला सभेला निघालेलं एक घर धरा: आई, वडील, आठ वर्षांचा मुलगा, 76 वर्षांची आजी. एसटीत वडिलांचं पूर्ण तिकीट, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं, मुलाचं अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला मोफत, फक्त तिचं ओळखपत्र जवळ हवं. चौघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो. रेल्वेत याच घराला एवढी सवलत मिळत नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं.

तरी लांबच्या प्रवासाला रेल्वेच बरी. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला केडगावला किंवा सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला जाणाऱ्यांना मनमाड-दौंड मार्ग सोयीचा. हरेगावसाठी श्रीरामपूरला उतरायचं, पण स्टेशनचं नाव बेलापूर आहे. तिकीट काढताना नवी मुंबईचं बेलापूर निवडू नका. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 25 डिसेंबरच्या गाडीसाठी 26 ऑक्टोबरला.

मे महिन्यातल्या तरुणांच्या शिबिराची फी भरण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: प्रवास धरलाय का, अंथरूण-पांघरूण मिळेल का, मूल आजारी पडून गेलं नाही तर किती परत मिळेल. दोन मुलं असतील तर सवलत विचारा. एकदम भरणं जमत नसेल तर पाळकांना किंवा फादरना एकटं गाठून सांगा. हप्ते देता येतात, आणि अशा वेळी कोणीतरी गुपचूप उरलेली रक्कम भरतं हे मी अनेकदा पाहिलंय. खजिनदारांना माझी एक विनंती आहे: सगळ्या रकमा 29 नोव्हेंबरच्या आत फलकावर लिहा, आणि खाली ज्याला अडचण आहे त्याने कोणाला भेटायचं तेही.