स्पिरिटची बाटली उघडण्याआधी

लेकरा, माळ्यावरचा रेडिओ आणि तबकड्यांची पेटी तू खाली काढलीस, फार बरं वाटलं. पण पिन अजून बोर्डात घालू नकोस, आणि ती स्पिरिटची बाटली आधी लांब ठेव.

वस्तू कशाची आहे ते ओळखावं, मगच फडकं हातात घ्यावं. त्या जड, काळ्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या आहेत. पळसावर, बोरीवर जो किडा बसतो त्याचीच ही लाख. ती गाळून चपडी करायची, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळायची आणि साच्यात दाबायची. लाख स्पिरिटात विरघळते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी मी स्पिरिटनं चकचकीत करायला गेलो. फडकं काळं झालं, चर गुळगुळीत झाले. ती तबकडी मी अजून टाकलेली नाही.

लाखेच्या तबकडीला कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब पुरतात. मऊ कापड चराच्या दिशेनं गोल फिरवायचं, मधला कागद भिजू द्यायचा नाही आणि सावलीत वाळवायचं. परभणीचं वैशाखातलं ऊन तिला दाखवू नकोस. नंतरच्या लवचिक, 33⅓ फेऱ्यांच्या तबकड्या तर उन्हात पापडासारख्या वाकतात. दोन्ही जातींच्या तबकड्या उभ्याच ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत.

चावीच्या फोनोची पोलादी सुई दर बाजूला नवी लागते. तुला ही उधळपट्टी वाटेल. पण त्या दगडाच्या पुडीवर सुई मुद्दाम झिजते आणि चरात नीट बसते. तीच झिजलेली सुई दुसऱ्या गाण्याला लावली, तर तिची धार चर कापते. आणि मोठी लवचिक तबकडी फोनोवर कधीच नाही. त्याच्या सुईच्या वजनाखाली ती एकाच फेरीत खरवडून निघते.

रेडिओच्या लाकडी पेटीलाही स्पिरिट चालत नाही. जुन्या सुताराच्या हातचं पॉलिश म्हणजे बहुधा चपडी आणि स्पिरिटच. त्यावर स्पिरिट घासलं की पांढुरके डाग उठतात. शेजारचा छोटा तपकिरी रेडिओ बेकेलाइटचा आहे, त्याला ही भीती नाही. गंमत बघ, बेकलंड नावाच्या रसायनतज्ज्ञानं 1907 साली बेकेलाइट केलं ते लाखेला पर्याय शोधता शोधता. आपल्या पळसावरच्या किड्याची जागा घ्यायला निघालेला पदार्थ शेवटी घराघरात रेडिओ होऊन बसला. मला तरी लाकडी पेटीच आवडते. तिचा आवाज भरीव येतो, आणि समोरच्या जरीच्या कापडामागून तो आला की खोली भरून जाते.

काचेच्या पट्टीवरची गावांची नावं आतल्या बाजूनं रंगवलेली असतात. पुढून पूस, मागून बोटही लावू नकोस. नावं एकदा निघाली की सिलोन कुठं लागायचं ते कोण सांगणार?

आता वीज. व्हॉल्व्हचा रेडिओ वर्षानुवर्षं बंद राहिला की आतले कंडेन्सर सुकतात. एकदम 230 व्होल्ट दिले की ते फुटतात, कधी सोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. म्हणून 60 किंवा 100 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट राहतात. मागचा पत्रा मी असल्याशिवाय उघडायचा नाही, हे वचन दे.

स्पिरिटची बाटली लागेल ती टेपरेकॉर्डरला. त्याचं हेड धातूचं. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन तपकिरी थर पुसला की दबलेला आवाज मोकळा होतो. रबरी रोलरला मात्र ओलं फडकं पुरे, स्पिरिटनं रबर कडक होतं. कॅसेटची फीत सैल पडली असेल तर आधी पेन्सिल घालून ताणून घे, नाहीतर मशीन ती गिळतं.

आज रात्री रेडिओ लावू. मीडियम वेव्हवर 1305 ला आपलं परभणी केंद्र शोध. अंधार पडला की वातावरणाचा जो थर दिवसा या लहरी शोषून घेतो तो विरतो आणि दूरदूरची केंद्रं आत येतात. काटा मग अगदी हळू फिरवायचा.

बल्ब मंद झाला की मला हाक मार. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मी ओसरीतून येतो.