पडण्याचा धोका कोणी पत्करायचा?



अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस इस्पितळातून घरी येतो आणि स्वतः उठून संडासला जाऊ म्हणतो. घरचे ओरडतात, "बसा, पडाल!" अशा वेळी परिचारिकेने काय करावे? उचलून नेले तर पाच मिनिटांत काम होते. त्याला जाऊ दिले तर बराच वेळ लागतो आणि पडण्याचे भय असतेच. पण रोज उचलून नेलेला माणूस चालायला शिकत नाही. पुनर्वसनाच्या शुश्रूषेत हळूहळू मदत कमी करणे हीही सेवाच आहे, हे आपल्याला पटायला जड जाते.

अशा धोक्याचा विचार आपल्या औंध संस्थानात पूर्वीच झाला होता. मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आटपाडीजवळ (आज सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैदी उंच भिंतींविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' (1957) हा चित्रपट या प्रयोगावरूनच सुचला म्हणतात. कैदी पळून जाण्याचा धोका तिथे जाणूनबुजून पत्करला होता. कुलपात ठेवून जबाबदारी शिकवता येत नाही. आपल्या रुग्णाने तर काही गुन्हाही केलेला नाही!

मात्र धोका पत्करणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. परिचारिका त्याच्या दुबळ्या बाजूला उभी राहते, काठी चांगल्या हातात देते, ओली फरशी आधी पुसून घेते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या प्रस्तावनेतही स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. प्रभू येशूनेही तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला, बरे व्हायची इच्छा आहे का, हे आधी विचारले (योहान 5).

अवघड प्रसंग पुढेच आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काही रुग्णांना आपली डावी बाजू लुळी आहे हेच उमगत नाही. असा रुग्ण "मी चालतो" म्हणाला, तर नुसत्या शब्दावर जाऊ नये. डॉक्टरांशी बोलावे, आधार देऊन उभे करून पाहावे. गिळताना ठसका लागणाऱ्याने चहा मागितला, तर कप हिसकावून नेऊ नये. कारण सांगावे, घट्ट करून देता येईल का ते डॉक्टरांना विचारावे.

मुलगा एक म्हणतो आणि वडील दुसरेच, असेही होते. आमच्या मते ही चर्चा रुग्णासमोरच व्हावी. बोलता येत नसेल तर मान हलवून किंवा बोट दाखवूनही तो उत्तर देऊ शकतो. तेवढा वेळ त्याला द्यावा.