“ती पळून कां गेली नाहीं?”

अमेरिकेंतील युटा प्रांतांत सॉल्ट लेक सिटी म्हणून शहर आहे. तेथें ता. ५ जून २००२ रोजीं रात्रीं एक मनुष्य स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कापून एका घरांत शिरला, आणि १४ वर्षांची एलिझाबेथ स्मार्ट हिला सुरीचा धाक दाखवून अंथरुणांतून उठवून घेऊन गेला. नऊ महिने ती त्याच्या ताब्यांत होती. पुढें मोठी झाल्यावर तिनें आपली हकीकत एका सहलेखकाच्या साह्यानें लिहिली व ती २०१३ सालीं ‘माय स्टोरी’, म्हणजे ‘माझी गोष्ट’, ह्या नांवानें प्रसिद्ध झाली.

हें पुस्तक आमच्या बहुतेक वाचकांच्या हातीं पडावयाचें नाहीं, म्हणून त्यांतील कांहीं भाग येथें देतों. देण्याचें कारण असें कीं, मुलीस फूस लावून किंवा बळानें नेल्याची गोष्ट निघाली, म्हणजे चावडीवर काय, पाणवठ्यावर काय, पहिला प्रश्न हाच ऐकूं येतो: “ती पळून कां गेली नाहीं? ओरडली कां नाहीं?” उपदेशकासही तो विचारण्यांत येतो, आणि कित्येकदां, खेदानें म्हणावें लागतें, उपदेशकच तो विचारतो.

मुलीस नेणाऱ्याचें नांव ब्रायन डेव्हिड मिचेल. तो अगदींच परका नव्हता. कांहीं महिन्यांपूर्वीं मुलीच्या आईनें त्यास रस्त्यांत भीक मागतांना पाहून दयेनें पैसे दिले होते, व त्यास घराच्या छपराच्या डागडुजीचें एक दिवसाचें काम मिळालें होतें. तो स्वतःस ‘इम्मानुएल’ म्हणवी. आपण संदेष्टा आहों, देव आपणांशीं बोलतो, असें सांगे. घरामागील डोंगरांत झाडीमध्यें त्यानें तंबू ठोकला होता. तेथें पोहोंचल्यावर त्यानें आपल्याच मनाचे चार शब्द उच्चारून ‘विवाह झाला’ असें ठरविलें आणि मुलीवर बलात्कार केला. त्यानंतर तो अत्याचार रोजचाच झाला. त्याची बायको वांडा बार्झी जवळच होती. तिनें मुलीचें रक्षण तर केलें नाहींच, उलट नवऱ्यास साह्य केलें. मुलीच्या पायास पोलादी तारेचा दोर बांधून तो झाडास अडकविला होता. शहरांतून हजारों माणसें तिच्या शोधास निघालीं होतीं. एकदां तर कोणी आपलें नांव घेऊन हांका मारीत आहे, असें तिच्या कानीं आलें. परंतु मिचेल जवळच होता, आणि सुरीही जवळच होती.

त्याची धमकी अशी होती कीं, तूं ओरडलीस किंवा पळालीस तर तुला मारीन, आणि मग तुझ्या घरच्यांस. धाकटी बहीण शेजारीं निजलेली असतां ज्यानें घरांत शिरून आपणांस उचलून आणलें, तो त्याच घरांत पुन्हा शिरूं शकेल, हें त्या मुलीस निराळें सांगावयास नको होतें. ती गप्प राहिली ती आईबापांच्या व भावंडांच्या जिवासाठीं. आम्ही ह्यास भित्रेपणा म्हणण्यास तयार नाहीं. काय वाटेल तें झालें तरी आपण जगावयाचें, असा निश्चय तिनें केला होता, आणि तो तिनें शेवटास नेला.

आतां पुस्तकांतील एक प्रसंग उपदेशकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. कांहीं आठवड्यांनीं मिचेल तिला उघडपणें शहरांत नेऊं लागला. तिच्या अंगावर लांब झगा व तोंडावर बुरखा असे. एके दिवशीं सार्वजनिक वाचनालयांत एक पोलीस अंमलदार त्यांच्या मेजापाशीं आला. त्यास संशय आला होता. मुलीचें तोंड पाहूं द्यावें, असें त्यानें म्हटलें. मिचेलनें शांतपणें उत्तर दिलें कीं, आमचा धर्म ह्यास परवानगी देत नाहीं. अंमलदारानें पुनःपुन्हा विचारून पाहिलें. शेवटीं धर्माचें नांव ऐकून तो मागें सरला व निघून गेला. मेजाखालीं बार्झीनें मुलीची मांडी घट्ट दाबून धरली होती. सुटकेची वाट हातभर अंतरावर आली आणि धर्म ह्या एका शब्दानें ती बंद झाली!

जे आम्ही धर्माचें काम करितों, त्यांस ही गोष्ट बोंचली पाहिजे. ज्याच्या तोंडीं देवाचें नांव व हातीं शास्त्र आहे त्यावर आपले लोक फार लवकर विश्वास ठेवितात. तो कोणाचा कोण, त्याच्याबरोबर असलेली मुलगी कोणाची, ती मान वर करून कां बोलत नाहीं, हें विचारणें म्हणजे देवमाणसाचा अपमान, असें आपणांस वाटतें. तसें वाटूं देऊं नये. खऱ्या सेवकास अशा प्रश्नाचा राग येत नाहीं.

पुढें ते कॅलिफोर्नियांत गेले. तेथून परत युटाकडे फिरविलें तें त्या मुलीनेंच. मिचेल प्रत्येक गोष्ट देवाच्या नांवावर घालतो हें पाहून तिनें त्याच भाषेंत त्याची समजूत घातली, आणि ती त्यास पटली. इकडे घरीं दुसरें एक काम झालें होतें. नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीनें त्या रात्रीं सर्व पाहिलें होतें. ऑक्टोबर २००२ मध्यें तिला आठवलें कीं, तो मनुष्य छपराचें काम करून गेलेला ‘इम्मानुएल’ होता. पोलिसांस तें फारसें पटलें नाहीं. घरच्यांनीं मात्र लेंकराचा शब्द टाकिला नाहीं. त्याचें चित्र काढविलें व लोकांपुढें आणविलें. त्यावरूनच १२ मार्च २००३ रोजीं सँडी ह्या गांवच्या रस्त्यानें चाललेल्या तिघांस वाटसरूंनीं ओळखिलें. पोलीस भोंवतीं उभे असतांनाही मुलीनें प्रथम खोटेंच नांव सांगितलें. ‘पळून कां गेली नाहीं’ असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. पायांतला दोर केव्हांच सुटला होता. मनावरचा अजून सुटला नव्हता. हा प्रश्न आपणांस दोष लावल्यासारखा ऐकूं येतो, असें तिनें पुढें अनेकदां सांगितलें आहे. मिचेलला २०११ सालीं जन्मठेपेची शिक्षा झाली.

परंतु ज्या एका गोष्टीसाठीं आम्ही हा पाठ लिहावयास घेतला ती पुढेंच आहे. २०१३ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील एका सभेंत एलिझाबेथनें सांगितलें कीं, तिच्या एका शिक्षकानें वर्गांत शुद्धतेविषयीं बोलतांना च्युइंग गमचा दाखला दिला होता. एकदां चघळलेला गम दुसरा कोण तोंडांत घालील? विवाहापूर्वीं शरीरसंबंध झालेल्यांची गत तशीच, असा त्याचा भाव. डोंगरांत तिच्यावर बळजबरी झाल्यावर तिला हा दाखला आठवला. आपण आतां चघळलेला गम झालों, आपली कांहीं किंमत उरली नाहीं, असें तिच्या मनानें घेतलें. ज्यास आपली किंमत उरली नाहीं असें वाटतें तो पळून जाण्याची धडपड कां करील, हें आपणांस कळूं शकतें, असें तिचें म्हणणें.

वाचकहो, त्या शिक्षकाचा हेतु वाईट नसेल. आपलाही नसतो. आपल्याकडे गम नाहीं, पण काचेचें भांडें आहे: अब्रू म्हणजे काचेचें भांडें, एकदां फुटलें कीं सांधत नाहीं. उष्टी पत्रावळ आहे. ‘बाटली’ हा एक शब्द आहे, आणि तो उच्चारावयास फार सोपा आहे. हे दाखले आपण मुलींस सावध ठेवण्यासाठीं देतों. परंतु ज्या दिवशीं एखादीवर संकट येतें त्या दिवशीं तेच दाखले तिच्या पायांतील बेडी होतात. तिला वाटतें, घरीं गेलें तरी मी फुटलेलें भांडेंच. मग येथें राहिलें काय आणि तेथें गेलें काय! पळवून नेणारा एका बाजूनें तिला धरून ठेवितो व दुसऱ्या बाजूनें आपलें शिक्षण. शुद्धतेचें शिक्षण सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच धड्यांत, त्याच दिवशीं, मुलींस व मुलांसही स्पष्ट सांगावें कीं, बळानें जें केलें जातें तें करणाऱ्याचें पाप आहे. ज्याच्या घरीं चोरी झाली त्यास आपण चोर म्हणत नाहीं, आणि त्याचें घर अपवित्र झालें असेंही म्हणत नाहीं.

शास्त्राचा आधार विचाराल तर २ शमुवेल, अध्याय १३ उघडा. तामार आपल्या बापाच्या आज्ञेवरून भावाच्या घरीं गेली होती. ती बोलली, तिनें विनविलें, कारणें सांगितलीं. अम्नोनानें ऐकिलें नाहीं. नंतर तिच्यामागें दाराला अडसर घातला गेला. पुढें घरच्यांनीं काय केलें तें पाहा. अबशालोमानें तिला गप्प राहावयास सांगितलें. दावीद फार संतापला, पण मुलास कांहीं शिक्षा केल्याचें लिहिलेलें नाहीं. दोन वर्षांनीं सूड घेण्यांत आला. परंतु तामारेचें दुःख कोणीं बसून ऐकिलें, असें तेथें कोठेंही नाहीं. दोष कोणाचा ह्याविषयीं मात्र त्या अध्यायांत यत्किंचितही संशय ठेविलेला नाहीं. दुसरे कित्येक अनुवाद, अध्याय २२ यांतील ओरडण्याविषयींचें वचन पुढें करितात. त्यांनीं २५ ते २७ हीं वचनेंही वाचावीं. तेथें बळजबरीची तुलना खुनाशीं केलेली आहे, आणि मुलगी निर्दोष ठरविली आहे, कारण तिला सोडविणारा कोणी जवळ नव्हता.

सोडविणारा जवळ असून उपयोग झाला नाहीं, असें दुसऱ्या एका पुस्तकांत वाचावयास मिळतें. जेसी डुगार्ड ही ११ वर्षांची मुलगी १० जून १९९१ रोजीं कॅलिफोर्नियांत शाळेच्या बसकडे चालली असतां पळविली गेली, आणि १८ वर्षें अँटिऑक येथें एका घराच्या परसांत, छपऱ्यांत व तंबूंत राहिली. तेथेंच तिला दोन मुली झाल्या. तिची आत्मकथा ‘ए स्टोलन लाइफ’ २०११ सालीं निघाली. तिला पळविणारा फिलिप गॅरिडो हा अशाच गुन्ह्याबद्दल ५० वर्षांची शिक्षा झालेला, पण सुमारें ११ वर्षांनीं अटींवर सुटलेला होता. देखरेखीचे अधिकारी त्याच्या घरीं येत असत. २००६ सालीं शेजाऱ्यांकडून वर्दी गेली कीं, ह्या परसांत तंबू आहेत व त्यांत मुलें राहतात. अंमलदार आला, पुढच्या दारीं बोलला आणि परत गेला. मागचें परसूं त्यानें पाहिलेंच नाहीं. पुढें ऑगस्ट २००९ मध्यें बर्कली विद्यापीठाच्या आवारांत गॅरिडो दोन मुलींस घेऊन आपल्या धर्ममताचा प्रचार करण्याची परवानगी मागावयास गेला. (येथेंही धर्मच!) त्या मुलींची वागणूक पाहून तेथील दोघी पोलीस स्त्रियांस चैन पडेना. त्यांनीं त्याची माहिती काढून देखरेखीच्या अधिकाऱ्यास कळविलें, आणि सारें बाहेर आलें. जेसीस १८ वर्षांत आपलें नांव उच्चारूं दिलें नव्हतें. तें तिच्या तोंडून निघेना, म्हणून तिनें कागदावर लिहून दाखविलें. झालेल्या हयगयीबद्दल प्रांत सरकारनें २०१० सालीं त्या कुटुंबास दोन कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें.

एके ठिकाणीं बुरख्यापुढें, एके ठिकाणीं पुढच्या दारीं, पाहणारे थांबले. तेव्हां ‘पळून कां गेली नाहीं’ हा प्रश्न मुलीकडून काढून घेऊन ‘आपण आंत कां पाहिलें नाहीं’ असा आपणांकडे वळविला पाहिजे.

असें प्रकरण मंडळींत निघाल्यास काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. मुलगी बोलूं लागली तर तिला बोलूं द्यावें, आणि जेथें ती थांबेल तेथें आपणही थांबावें. उलटतपासणी करूं नये. तिला भेटावयास बायबलबाई किंवा एखादी पोक्त बाई जावी. तिच्यासाठीं प्रार्थना करावी, पण सभेंत नांव घेऊन करूं नये. नांव प्रगट करण्यास कायद्यानेंही मनाई आहे. पंचांनीं पैसे घेऊन मिटविणें, किंवा ज्यानें नासाडी केली त्याच्याच गळ्यांत तिला बांधणें, ह्यांत उपदेशकानें मुळींच पडूं नये, आणि कोणी पडत असल्यास त्यास आडवें यावें. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें, ज्यास ज्यास गुन्हा ठाऊक आहे त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणें हाच गुन्हा होतो. १०९८ ह्या क्रमांकावर फोन केल्यासही मुलांसाठीं साह्य मिळतें. पुष्कळ आईबाप पोलीस ठाण्याच्या भीतीनें मागें राहतात. त्यांस सांगावें कीं, ह्याच कायद्याप्रमाणें मुलीची जबानी तिच्या घरीं किंवा ती म्हणेल तेथें घेतां येते, होईल तोंवर ती स्त्री-अंमलदारानें घ्यावयाची असते, आणि त्या वेळीं अंगावर पोलिसाचा पोशाख नसावा असा नियम आहे.