सामुराईंचे शस्त्रदालन

टोकियो शहरात उएनो नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. त्या उद्यानात टोकियो राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. त्याची स्थापना १८७२ साली झाली. सध्याची कौलारू छपराची मुख्य इमारत १९३८ साली लोकांना खुली झाली. चित्रे, मूर्ती, मातीची भांडी पाहत हिंडणारा प्रेक्षक शस्त्रांच्या दालनाशी आला, की त्याची पावले आपोआप मंदावतात. तेथे काचेआड चिलखते बसलेली असतात. बसलेली हाच शब्द योग्य. कारण जपानी रीतीप्रमाणे चिलखत त्याच्याच पेटीवर अशा बेताने मांडतात, की कोणी योद्धा आसनावर बसला आहे असा भास व्हावा.

सामुराई म्हणजे जपानातील योद्ध्यांचा वर्ग. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६८ पर्यंत त्या देशाचा कारभार बव्हंशी या वर्गाच्या हाती होता.

त्यांचे जुने चिलखत दुरून पाहिले, तर ते एखादे रेशमी वस्त्रच वाटते. तांबड्या, निळ्या, पांढऱ्या गोफांच्या ओळीच्या ओळी तेवढ्या दिसतात. जवळ गेल्यावर कळते, की त्या गोफांनी लोखंडाच्या व कातड्याच्या असंख्य चिमुकल्या पट्ट्या एकमेकींत ओवल्या आहेत. जपानात पाऊस पुष्कळ. लोखंड गंजायचे, कातडे कुजायचे. म्हणून प्रत्येक पट्टीवर एका झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे थर चढवीत. खांद्यांवरून लोंबणाऱ्या दोन रुंद फळ्या पाहून पुष्कळांना त्या शोभेच्या वाटतात. परंतु त्या काळचा सामुराई घोड्यावरून बाण मारीत असे. धनुष्याला दोन्ही हात लागत, मग ढाल धरायची कोणी? ते काम या फळ्या करीत. छातीवर मात्र पट्ट्या उघड्या न ठेवता गुळगुळीत कातडे ताणून बसवीत. नाहीतर ओढलेली प्रत्यंचा पट्ट्यांत अडकली असती!

१५४३ साली तानेगाशिमा बेटावर काही पोर्तुगीज उतरले. त्यांच्याजवळ बंदुका होत्या. जपानी लोहारांनी ते हत्यार पाहिले आणि थोड्याच वर्षांत ते स्वतः बंदुका घडवू लागले. १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत बंदुकांनी मोठी कामगिरी बजावली. गोळीपुढे ओवलेल्या पट्ट्यांचा टिकाव कसा लागावा? चिलखतांत सलग लोखंडी पत्रे आले. या संग्रहालयातील एक चिलखत तर अर्धे युरोपीय आहे. पाश्चात्त्य घडणीचे उरस्त्राण व शिरस्त्राण घेऊन जपानी कारागिरांनी त्यांना आपल्या पद्धतीचे भाग जोडले. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या रणसंग्रामापूर्वी तोकुगावा इयेयासूने ते साकाकिबारा यासुमासा या आपल्या सरदारास दिले, असे परंपरा सांगते. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील कारभाराचे मुख्य ठिकाण तेव्हा गोवा होते. १५९१ साली गोव्याच्या व्हाइसरॉयकडून हिदेयोशी या सत्ताधीशाला ज्या भेटी पोहोचल्या, त्यांत चिलखतेही होती. पुढे मराठ्यांनी युरोपीय पात्यांना आपल्या मुठी बसवून ‘फिरंग’ वापरली, तशातलाच हा प्रकार.

यानंतर येतात तरवारी. त्यांना मूठ नाही, म्यान नाही. पांढऱ्या कापडावर नुसते पाते ठेवलेले. पुष्कळ प्रेक्षक येथे निराश होऊन पुढे जातात, हे त्यांचे दुर्दैव! मूठ काढून ठेवण्यास कारण आहे. पात्याचा जो भाग मुठीत दडतो, त्यावर घडविणाऱ्याने आपले नाव कोरलेले असते. तेथील काळसर गंज कोणी घासून काढीत नाही, कारण जाणकार त्यावरून पात्याचे वय ताडतात. बाकीच्या पात्यावर गंजाचा ठिपकाही चालत नाही. त्यासाठी लवंगेचा वास असलेले तेल लावण्याची जुनी रीत आहे.

लोहमिश्रित वाळू व कोळसा भट्टीत घालून पोलाद काढतात. लोहार ते तापवून ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. दहाबारा वेळा दुमडले, की थर हजारांच्या घरात जातात. मग पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप व धारेवर पातळ लेप देऊन ते तापवितात आणि पाण्यात बुडवितात. पातळ लेपाखालची धार चटकन निवते व कठीण होते; पाठ सावकाश निवते व चिवट राहते. कठीण होताना धार किंचित फुगते, त्यामुळे पाते पाठीकडे वाकते. तरवारीचा डौलदार बाक वाढतो तो असा, पाण्यात! धार आणि पाठ यांच्या सीमेवर धुक्यासारखी एक पांढुरकी रेघ उमटते. ती पाहण्यासाठी खाली वाकून दिव्याचा प्रकाश तिरपा धरावा लागतो. क्योतोच्या मुनेचिका या लोहाराच्या एका पात्यावर त्या रेघेजवळ चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत. म्हणून त्या तरवारीचे नावच ‘मिकाझुकी’, म्हणजे चंद्रकोर, असे पडले. ती याच संग्रहालयाच्या मालकीची आहे, पण नेहमी मांडलेली नसते.

१८७६ साली सरकारने तरवार बाळगून हिंडण्यास बंदी केली आणि लोहारांचे काम सुटले. त्याहून मोठे संकट १९४५ साली आले. महायुद्धात जपानचा पराभव झाला व विजेत्यांनी सर्व शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सोडला. अगणित तरवारी वितळविण्यात आल्या, समुद्रात टाकण्यात आल्या. तोकुगावा घराण्यातील ‘होन्जो मासामुने’ ही विख्यात तरवार अशीच टोकियोतील एका पोलीस ठाण्यात जमा झाली. तिचा पुढे ठाव लागला नाही. तेव्हा होन्मा जुंजी यांच्यासारखे जाणकार पुढे सरसावले. ही नुसती हत्यारे नव्हेत, कलाकृती आहेत, हे त्यांनी परकीय अधिकाऱ्यांना पटवून दिले. पुष्कळ पाती त्यामुळे वाचली. १९४८ साली तरवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. परंतु नवी पाती घडवायची, तर जुन्या पद्धतीचे पोलाद हवे, आणि त्याच्या भट्ट्या तर विझून गेलेल्या! १९७७ साली शिमाने प्रांतात संस्थेने तशी भट्टी पुन्हा पेटविली. हिवाळ्यात ती तीन दिवस व तीन रात्री अखंड जळते. कारागीर पाळीपाळीने तिच्यात वाळू व कोळसा घालतात. शेवटी मातीच्या भिंती फोडून तळाचा पोलादाचा लालभडक गोळा बाहेर ओढतात, आणि त्याचे तुकडे परवानाधारक लोहारांकडे रवाना होतात.