बुडालेल्या झाडांपाशी मासे का जमतात?

मुलांनो, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. गुजरातमध्ये केवडियाजवळ तिच्यावर सरदार सरोवर धरण आहे. पूर्ण भरल्यावर त्याची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर असते. धरणाचं पाणी मागे पसरलं आणि अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांतील मणिबेलीसारख्या गावांची शेतं, घरं, झाडं बुडाली. आज तिथली काही कुटुंबं याच पाण्यात मासेमारी करतात.

बुडालेल्या खोडावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. त्यात बारीक किडे राहतात. ते खायला लहान मासे येतात. फांद्यांत त्यांना लपायलाही मिळतं. त्यांच्यामागे मरळीसारखे शिकारी मासे येतात. बघा, वाळलेल्या झाडाभोवतीही अन्नसाखळी तयार होते!

माशाच्या शरीराचं तापमान पाण्याप्रमाणे बदलतं. थंडीत तो मंद असतो, कमी खातो. होळीच्या सुमारास दुपारी काठचं उथळ पाणी आधी तापतं. तेव्हा मासे तिथे येऊन खाऊ लागतात. म्हणून काठाजवळच्या खोडांपाशी दुपारी गळ टाकणं फायद्याचं.

जाळं मात्र खोडात अडकून फाटतं. नवं जाळं म्हणजे घराला मोठा खर्च. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पाण्याखाली लपलेलं खोड होडीलाही लागतं. अडकलेलं जाळं सोडवायला कधीही एकट्याने पाण्यात उतरू नका.

विचार करा :
१) खोडापासून मरळीपर्यंतची अन्नसाखळी काढा.
२) खोडांपाशी जाळ्यापेक्षा गळ का बरा?
३) बुडण्याआधी ही झाडं कोणाच्या उपयोगी होती? घरातल्या मोठ्यांना विचारा.